तुमच्या पणजोबांचा धबधबा

अकोटा, बडोदे
नवरात्र, माळ तिसरी, १९९८

तीर्थरूप दत्ताजीभाऊजींच्या सेवेशी,

मृदुलाचा नमस्कार. दर वेळी साष्टांग लिहिते, ह्या वेळी नुसताच लिहिला आहे, राग मानू नये. डाव्या गुडघ्याची घडी होत नाही, आणि जे प्रत्यक्षात झालं नाही ते कागदावर झालं म्हणून लिहिण्याची खोड तुमच्या घराण्यात पुरेशी आहे, त्यात सुनेची भर नको. (हे वाक्य आता उद्धट वाटेल. पत्र संपेपर्यंत थांबावं, मग त्याहून उद्धट वाटेल.) तुमची शुगर, लताताईंची पाठ आणि गांधीनगरातली ती शांतता, जिला तुम्ही निवृत्तीचं सुख म्हणता आणि ताई जन्मठेप म्हणतात, तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा. आम्ही इकडे खुशाल आहोत. अवंती धडधाकट आहे, मी लंगडते आहे, आणि तुमचे धाकटे बंधू मुकुंदराव पाठीला शेक घेत पालथे पडून लेख लिहीत आहेत. पालथं पडून लिहिलेलं अक्षर जसं येतं तसं आलं आहे. मजकूर अक्षराहून वाकडा आहे.

हकीकत सुरुवातीपासून सांगते. आपल्या मंडळाची पंचाहत्तरीची स्मरणिका निघते आहे. विषय ठरला ‘पर्यावरण आणि आपला वारसा’. वारसा आपल्या लोकांपाशी कायमचाच आहे; पर्यावरण ह्या वर्षी नवीन आलं, कारण त्याला जाहिराती मिळतात. (गोरव्याकडच्या ज्या कारखान्यामागचा ओढा सोमवारी हिरवा आणि गुरुवारी जांभळा वाहतो, त्यांनी अख्खं पान घेतलं आहे. त्यावर झाडाचं चित्र आहे.) आता पहिल्या पानावर कोणाचा पूर्वज, हा खरा प्रश्न. मागच्या दोन्ही स्मरणिकांत दिनकररावांचे पणजोबा होते. ते संस्थानच्या हत्तीखान्यावर होते हे तुम्हाला ठाऊक आहेच. बडोद्यात ज्याला ते ठाऊक नाही त्याला दिनकरराव घरी जाऊन सांगतात. ह्या वर्षी त्यांनी शोध लावला की हत्तीला पेट्रोल लागत नाही, आणि सभेत तसा लेख वाचायला घेतला. तेव्हा तुमचे बंधू उठले आणि त्यांनी तुमच्या पणजोबांची, संस्थानच्या एका तालुक्याचे अंमलदार कैलासवासी श्रीपतराव वहिवाटदारांची, दौऱ्याची डायरी बाहेर काढली.

डायरीतली ती चार वाक्यं तुम्ही आपल्या घरच्या प्रत्येक लग्नाच्या पंगतीत म्हणून दाखवली आहेत, माझ्याही लग्नात जिलबी वाढायच्या आत दोनदा म्हटली होतीत, तरी नोंद म्हणून लिहिते. सन १९०७. ‘प्रपात पाहण्यास निघालो. एकटाच गेलो. प्रपाती स्नान केले. चित्त प्रसन्न झाले.’ तुमच्या बंधूंनी त्यावर वीस मिनिटं भाषण केलं. कुठल्याशा परिसंवादाला जाऊन आल्यापासून त्यांना ‘शाश्वत प्रवास’ हा शब्द लागला आहे. तर आपले श्रीपतराव हे नव्वद वर्षांपूर्वीचे पहिले शाश्वत प्रवासी. धूर नाही, कचरा नाही, कोणाला उपसर्ग नाही. दिनकररावांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, “मुकुंदराव, तो धबधबा आहे कशावरून? कचेरीत बसूनही दौरा लिहिता येतो हो.” सभा हसली. तिथेच तुमच्या बंधूंनी शपथ घेतली, की पणजोबा गेले तसाच जाईन, पेट्रोलचा थेंब जाळणार नाही, निसर्गात स्वतःची एकही खूण मागे ठेवणार नाही, आणि फोटो आणून पहिल्या पानावर लावीन. नाही जमलं तर हत्तीला जागा मोकळी. म्हणजे घराण्याची अब्रू पणाला लागली, आणि ती सोडवायला बरोबर मी व अवंती आपोआप धरल्या गेलो. आम्हाला कोणी विचारलं नाही. (‘एकटाच’ ह्या शब्दात बायको-मुलगी धरतात की नाही हे मी त्याच दिवशी विचारायला हवं होतं.)

खूण न ठेवण्याच्या तयारीची पहिली पायरी म्हणजे पाटी. धबधब्यावर लावायला ‘श्रीपतराव प्रपात – शोध १९०७’ अशी पाटी तुमच्या बंधूंनी आपल्या ओळखीच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घेतली. पत्रा टिकत नाही असं तुम्ही एकदा म्हणाला होतात म्हणून जाड प्लेट घेतली, प्लेट लवते म्हणून मागून लोखंडी अँगल मारले. नऊ फूट लांब, अडीच फूट रुंद. दोघांना उचलेना. आता ही शाश्वत पाटी न्यायची कशी? तर तुमचे चुलतबंधू बळवंतराव ह्यांनी दिवाळीच्या आधीच नवी गाडी घेतली आहे, आत एसी, आरशाला लटकता गणपती. ते म्हणाले, मी मागून येतो, पाटी टपावर घेतो, फोटोही काढतो. तुमच्या बंधूंनी विचार करून निवाडा दिला की गाडी प्रवासात धरायची नाही, ती ‘निरीक्षक’ आहे. आपण पेट्रोल जाळलं नाही हे बघायला कोणीतरी हवं, आणि त्याने पेट्रोल जाळल्याशिवाय त्याला बघता येणार नाही.

शनिवारी पहाटे अकोट्याहून प्रतापनगर स्टेशनापर्यंत पायी निघालो. रिक्षा बाद. प्लास्टिकची बाटली बाद, म्हणून पाणी तांब्याच्या कळशीत, कळशीच्या तोंडावर पांढरं फडकं बांधलेलं, आणि ती कळशी तुमच्या बंधूंनी दोन्ही हातांनी छातीशी धरलेली. अंगात पांढरा सदरा. मागे मी, मागे अवंती, कोणी बोलत नव्हतं, कारण मी भांडून दमले होते. आणि दिवस पितृपक्षाचे. रावपुऱ्यात एक रिक्षावाला हळूहळू बाजूने चालवत आला, आमच्याकडे बघून त्याने गाणं बंद केलं आणि मला म्हणाला, “बेन, बेसी जाव. आवा काममां भाडुं नहीं लउं.” असल्या कामाला भाडं घेत नाही म्हणे. एवढं दाक्षिण्य बडोद्याच्या रिक्षात मी प्रथमच पाहिलं. तुमच्या बंधूंनी मान हलवून नकार दिला, तेव्हा त्याने त्यांना हात जोडले.

छोट्या गाडीत, म्हणजे नॅरोगेजच्या आगगाडीत, तर आम्हाला उठून जागा दिली. (गाडी डिझेलची आहे हे अवंतीने लक्षात आणून दिलं. शपथ पेट्रोलची आहे असं तिला सांगण्यात आलं.) समोरच्या बाकावरचे एक टोपीवाले काका बराच वेळ कळशीकडे बघत होते. मग हलक्या आवाजात म्हणाले, “कोण हता?” तुमच्या बंधूंना वाटलं, अखेर पणजोबांत कोणाला तरी रस आहे. ते खुशीत म्हणाले, “मारा परदादा.” “क्यारे गया?” “ओगणीससो छव्वीसमां.” डब्यात सगळीकडे ‘वाह’ झालं. काका बायकोकडे वळून म्हणाले, बघ, बहात्तर वर्षांनीसुद्धा हे लोक चांदोदला चालले आहेत, आणि आपला रमेश बापाचं बारावं आटपून त्याच दिवशी सिनेमाला गेला. भाऊजी, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की अस्थी घेऊन चांदोदला जाणारी मंडळी ह्याच गाडीने जातात आणि अशीच दिसतात. मी खुणेने सांगू लागले, पण तुमचे बंधू वहिवाटदारांच्या कर्तृत्वात बुडाले होते. डभोई आलं. चांदोदची गाडी इथून सुटते, उतरा उतरा, असं सगळ्यांनी आम्हाला सांगितलं. एकाने आमची पिशवी फलाटावर नेऊनही ठेवली, ती अवंतीने परत आणली. बोलून बोलून तुमच्या बंधूंच्या घशाला कोरड पडली होती. त्यांनी फडकं सोडलं, कळशी वर उचलली आणि घटाघट प्यायले.

काकांच्या बायकोने मारलेली किंकाळी मला अजून झोपेत ऐकू येते. बोडेलीपर्यंत आमच्या आजूबाजूचे तीन बाक रिकामे होते. अवंती म्हणाली, एवढ्या ऐसपैस जागेतून ती आयुष्यात प्रथमच प्रवास करते आहे.

बोडेलीला बैलगाडी सांगून ठेवली होती. माणूस वेळेवर आला आणि ट्रॅक्टर घेऊन आला, कारण त्याला वाटलं शहरातले लोक बैलगाडी म्हणतात तेव्हा त्यांना ट्रॅक्टर म्हणायचं असतं. डिझेल चालेल हे गाडीत सिद्ध झालं होतं, पण आता तुमचे बंधू चिडले होते. दोन तास थांबून बैल मिळवले. पुढचा रस्ता चौदा किलोमीटर आणि साडेचार तास. प्रवास शाश्वत होता ह्याबद्दल माझ्या मनात शंका उरली नाही, तो संपतच नव्हता. बळवंतराव मात्र आम्हाला सात वेळा भेटले. एकदा पुढून फोटो, एकदा मागून, एकदा ‘धूळ उडताना हवी’ म्हणून त्यांनी स्वतःच गाडी पुढे नेऊन धूळ उडवली. दर खेपेला काच चार बोटं खाली होई, थंड हवेची झुळूक येई आणि आवाज येई, “वहिनी, पाच मिनिटं बसता का आत? कोणी बघत नाही.” मी नाही बसले. काचेतून लीलो चेवड्याची पुडी तेवढी घेतली. पुडी प्लास्टिकची होती, म्हणून ती रिकामी करून लगेच परत दिली.

दुपारी झाडाखाली पत्रावळींवर पोळीभाजी खाल्ली. निसर्गाच्या साखळीत ढवळाढवळ नको म्हणून केळ्यांच्या साली शेळ्यांना घालायला बंदी होती. त्या पिशवीत भरून बडोद्याला न्यायच्या होत्या. चार शेळ्या पिशवीकडे अशा नजरेने बघत होत्या की मला हरितालिकेच्या उपासाची आठवण झाली. तुमचे बंधू हात धुवायला वळले आणि शेळ्यांनी साली, पत्रावळी, पिशवी आणि लेखाच्या मुद्द्यांचा कागद, सगळं संपवलं. संपूर्ण प्रवासात कचऱ्याची विल्हेवाट एवढ्या नीट दुसऱ्या कोणी लावली नाही.

गावाचं नाव पत्रात लिहीत नाही. वेगळ्या चिठ्ठीवर लिहून पाकिटात घातलं आहे. (बडोद्याच्या लोकांना कळलं तर पुढच्या रविवारी तिथे चार बस आणि भजियाची गाडी उभी राहील.) गाव म्हणजे डोंगराच्या पायथ्याशी राठवा आदिवासींची पंचवीसेक घरं. गावापुढे एक कोतर, म्हणजे खोल ओढा, त्यात दोन खडकांमध्ये सात फुटांची फट आणि फटीतून सगळं पाणी जोरात पळतं. अलीकडे गाव नि धबधबा. पलीकडे आम्ही, रस्ता, शाळा, दवाखाना आणि बळवंतरावांची गाडी. दर साल पावसाळ्याआधी गावकरी फटीवर ताडाचं खोड टाकतात आणि दर साल श्रावणात पाणी ते नेतं. पुढे दिवाळीपर्यंत पोरांची शाळा बंद, आणि आजारी माणसाने पाणी उतरेपर्यंत कळ काढायची. आम्ही पोचलो तेव्हा खोड गेलेलंच होतं. दोर धरून, कमरेएवढ्या पाण्यातून, खडकाला चिकटून आम्हाला एकेकाला अलीकडे घेतलं. माझा गुडघा तिथे ठेवून आले.

ओट्यावर नारसिंगभाई म्हणून ऐंशीपुढचे म्हातारे बसले होते, शेजारी त्यांची बायको बुधलीबा, आणि दारात त्यांची नातसून रमीला, नऊ महिने भरत आलेली. तुमचे बंधू निथळत उभे राहिले, छाती काढली आणि गुजरातीत आपली ओळख करून दिली, की मी श्रीपतराव वहिवाटदारसाहेबांचा पणतू. मला वाटलं, आता हे विचारतील, कोण श्रीपतराव? म्हाताऱ्याने तुमच्या बंधूंना डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं आणि शांतपणे म्हणाला, “आवी गया? बहु वार लागी.” म्हणजे, आलात? फार उशीर लावलात.

एवढं म्हणून तो आत गेला आणि बांबूची एक नळी घेऊन आला. नळीत तेलकट कापडात गुंडाळलेला कागद. मजकूर गुजराती, खाली मोडीत सही, आणि शिक्का. शिक्का मी ओळखते. तसाच डायरीच्या पहिल्या पानावर आहे. ‘ह्या ठिकाणी पुढील पावसाळ्याचे आत साकव बांधून देण्यात येईल.’ तारीख डायरीतलीच, सन १९०७. भाऊजी, तेव्हापासून एक्क्याण्णव पावसाळे झाले.

तुमच्या बंधूंनी आधी कायदेशीर बाजू लढवली. श्रीपतराव इथे कचेरीच्या कामाने नव्हे, एकटेच धबधबा बघायला आले होते, असं डायरीत स्पष्ट आहे. “एकला?” म्हातारा एवढा हसला की त्याला ठसका लागला. “सोळ जण हता.” सोळा माणसं डोली उचलून बोडेलीपासून आली होती, आठ खांद्यावर आणि आठ बदलीला, आणि त्याचा बाप पुढच्या दांडीला होता. (वेठीला सरकारची मनाई होती म्हणे त्या वेळी. मग डायरीत सोळा माणसं लिहायची कुठल्या खात्यात? ‘एकटाच गेलो’ हे सगळ्यांच्याच सोयीचं, सोळांना सोडून.) अवंतीने हळूच विचारलं, मग स्नान? स्नान असं झालं, की परतताना ह्याच फटीपाशी दांडीवाल्याचा पाय घसरला, डोली कलली आणि वहिवाटदारसाहेब पागोट्यासकट पाण्यात गेले. बुधलीबाच्या आजेसासूने पागोट्याचं टोक धरून त्यांना ओढून काढलं. खडकावर बसून, दात वाजत असताना, त्यांनी तो कागद लिहून दिला. चित्त प्रसन्न झालं ते बहुधा जीव वाचला म्हणून. मग ते बडोद्याला आले, कोरडे झाले, आणि विसरले.

हे सगळं ऐकताना मी तुमच्या बंधूंकडे बघत होते. ते म्हणाले, “आधी धबधबा बघून घेऊ.”

धबधबा आहे, भाऊजी. दिनकररावांना मी स्वतः सांगणार आहे. अर्धा तास चढून एका वळणावर आलो आणि थेट समोर होता. मी घरून तीन टोमणे तयार करून नेले होते, एकही वापरता आला नाही. उंचावरून पडताना तो मध्येच एका कपारीवर थांबल्यासारखा दिसतो, आणि मग काहीतरी ठरवून खाली येतो. अवंतीने अर्धा तास आपल्या बापाची एकही चूक काढली नाही. हा चमत्कार मी त्याच्या उंचीपेक्षा मोठा धरते. तुमचे बंधू फोटोसाठी पुढच्या खडकावर गेले, हात पसरून उभे राहिले आणि त्याच खडकावरून, हात पसरलेल्या स्थितीतच, डोहात गेले. घराण्याची स्नानाची पद्धत मी प्रत्यक्ष पाहिली. पागोटं नसल्यामुळे सदऱ्याला धरून काढावं लागलं.

परत कोतरापाशी आलो तर पलीकडे बळवंतरावांनी चारजणांना लावून पाटी टपावरून उतरवलेली. रंग नवा, अक्षरं पिवळी, उन्हात चमकत होती. आता ती पाण्यातून अलीकडे आणायची, डोंगरावर चढवायची, खडकाला भोकं पाडायची. बुधलीबा काठावर आली, अलीकडूनच तिने पाटी नीट न्याहाळली आणि विचारलं, “आ पाटियुं शेने माटे?” ही पाटी कशासाठी म्हणून. तुमचे बंधू म्हणाले, “नाम माटे.” म्हातारी म्हणाली, “नाम तो अमने याद ज छे.” आणि हाताने फटीकडे दाखवलं. ह्या खडकापासून त्या खडकापर्यंत. रमीला मागे पोटावर हात ठेवून उभी होती. दिवस कधीही भरणार होते, आणि दवाखाना पलीकडे.

मी मनाशी पैज लावली की हे वाद घालतील. घातला. पणजोबांच्या नावावर लोकांनी पाय द्यायचे? मग पाटी पालथी घाला, बळवंतराव पलीकडून ओरडले. तर नाव पाण्याकडे तोंड करून राहणार, वाचणार कोण, मासे? तुमच्या बंधूंनी फटीकडे पाहिलं, मागे रमीलाकडे पाहिलं. मग म्हणाले, पाय लागले तरी चालतील, पण वाचता आलं पाहिजे. आणि भाऊजी, पुढचं मी टोमणा न मारता लिहिते, कारण मारायला सुचत नाही. ते दोर धरून पुन्हा पाण्यात उतरले, पलीकडे गेले, आणि पाटी उचलताना पुढच्या टोकाला ते स्वतः लागले. पाठ गेली ती तिथे, बैलगाडीत नव्हे.

पाटी चपखल बसली. दोन्ही बाजूंना एकेक फूट टेकते, खाली दगडांच्या चिपा मारल्या. सगळ्यात आधी बुधलीबा चालून गेली, ‘श्रीपतराव’वरून ‘प्रपात’कडे, आणि परत आली. मग पोरांनी रांग लावली. ज्या माणसाला सोळाजणांनी उचलून आणलं, तो नव्वद वर्षांनी का होईना, कोणाला तरी उचलून धरतो आहे.

मग जसे गेलो तसेच परत आलो. बैलगाडी, छोटी गाडी, पायी. लेख तपासायला अर्थातच माझ्याकडे आला. पंचवीस वर्षं शाळेत वह्या तपासल्याचा हा मोबदला. लेखात लिहिलं आहे, ‘आम्ही एकटेच गेलो. पेट्रोलचा थेंबही लागला नाही. कै. श्रीपतरावांप्रमाणेच आम्हीही प्रपाती स्नान केले. नामफलक योग्य स्थळी बसवण्यात आला. चित्त प्रसन्न झाले.’ शुद्धलेखनाची एकही चूक सापडली नाही.

असो. विशेष काम काही नाही, सहज लिहायला बसले. लताताईंना नमस्कार सांगावा, त्यांच्या लिंबाच्या लोणच्याची आठवण इकडे दर जेवणात निघते. आमच्यावरची माया आहे तशी राहू द्यावी. ह्या पत्रानंतर थोडी कमी झाली तरी समजून घेईन.

तुमची धाकटी भावजय,
मृदुला

ता. क. – काम आहे. तुम्ही चौतीस वर्षं सरकारचे रस्ते आणि पूल बांधलेत, आणि साबरकांठ्यात असे लहान पूल आहेत ज्यांच्यावरून दिवसाला दोन म्हशी जातात. गांधीनगरात फाईल कुठल्या टेबलावरून कुठल्या टेबलावर जाते आणि कुठे झोपते, हे तुमच्याइतकं कोणाला ठाऊक नाही. पाटी म्हणजे साकव नव्हे. पुढच्या आषाढात ती ताडाच्या खोडामागोमाग जाईल. तुमच्या पणजोबांच्या शिक्क्याचा कागद अवंतीने झेरॉक्स करून आणला, सोबत जोडते आहे. दिवाळी झाली की टेप आणि लेव्हल घेऊन या, मोजमाप करा, आणि फाईलबरोबर स्वतः चाला. घरात हा कागद थोरल्या भावाकडे जायचा, आणि थोरले तुम्ही आहात. ‘बघू’ असं उत्तर पाठवू नये. ‘बघू’चं त्या गावात काय होतं ते त्यांनी एक्क्याण्णव वर्षं पाहिलं आहे.

ता. क. दोन – वर ‘जसे गेलो तसेच परत आलो’ असं लिहिलं आहे. तसे ते दोघं आले. मी बळवंतरावांच्या गाडीतून आले, पुढच्या सीटवर, काचा वर करून. एसी फार छान आहे. गुडघ्याचं कारण सांगते, पण गुडघा नसता तरी बसले असते. एवढ्या वर्षांत तुमच्या घराण्याचं थोडं पाणी मलाही लागलंच.

ता. क. तीन – पत्र पाकिटात घालणार तेवढ्यात अवंती आली. ती कोणाला न सांगता, शपथ न घेता, डबा घेऊन छोट्या गाडीने पुन्हा जाऊन आली, झेरॉक्सपुरता आणलेला मूळ कागद परत करून. त्या सोळाजणांची नावं नारसिंगभाईंनी आठवून आठवून सांगितली, अकरा झाली. तुमचे बंधू ती डायरीच्या त्याच पानाच्या समासात उतरवत बसले आहेत. पाच ओळी कोऱ्या सोडल्या आहेत. लेखातल्या ‘एकटेच’वर त्यांनी शिसपेन्सिलीने काट मारली होती, मग खोडरबराने पुसली, आता परत मारली आहे. पहिलं पान मात्र ना धबधब्याला मिळालं ना हत्तीला. ते जांभळ्या ओढ्याच्या कारखान्याने घेतलं, झाडासकट. रमीलाला घटस्थापनेला मुलगी झाली, दवाखान्यात. रात्री नव्हे, भर दुपारी, स्वतःच्या पायांनी फट ओलांडून गेली. आणि गावात आता त्या फळीला ‘शिरपत’ म्हणतात. पोरं एकमेकांना हाक मारतात, शिरपतवरून ये, शिरपत ओला आहे, जपून. भाऊजी, घराण्याचं नाव अखेर लोकांच्या तोंडी झालं. आषाढाच्या आत तिथे काहीतरी पक्कं घाला, नाहीतर तुमचे पणजोबा त्याच ओढ्यात दुसऱ्यांदा पडतील, आणि ह्या वेळी ओढून काढायला पागोटंही नाही.